पिवळी ठिणगी

आठवणी लिहायचं हे माझं वय नव्हे, असं मला बऱ्याच जणांनी सुनावलं आहे. गुडघे दुखायला लागले, माणसं उठून खुर्ची द्यायला लागली की मग लिही, असं आमच्या शेलार गावातले एक मास्तर म्हणाले. मला ते पटत नाही. म्हातारपणी लिहिलेली पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांत सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलेलं असतं. ज्यानं थोबाडीत मारली तो शिस्तप्रिय झालेला असतो, ज्यानं फसवलं तो व्यवहारी. राग निवला की माणूस खोटं बोलायला लागतो आणि त्या खोट्याला समजूतदारपणा म्हणतो. म्हणून मी आत्ताच लिहिते आहे. मास्तरांचे गुडघे त्यांना लखलाभ.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. बाहेरच्या खोलीतला पलंग विटांवर चढवलेला होता, कारण त्याच्याखाली पत्रकांचे गठ्ठे ठेवायचे. इतरांच्या पलंगाखाली तांदूळ असतो, कांदे असतात. आमच्या पलंगाखाली निषेध असायचा. माझे वडील, अप्पा, एका कंत्राटदाराकडे वायरमन होते. दिवसभर लोकांच्या भिंतींतून वायरी ओढायच्या आणि संध्याकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून पत्रक लिहायला बसायचं, हा त्यांचा नेम. पत्रकं भिवंडीतल्या एका ऑफसेट छापखान्यात निघायची, पातळ गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर, आणि घरी आली की घड्या घालायचं काम माझं आणि आईचं. हाताला तेल लागलेलं चालायचं नाही, म्हणून गठ्ठा संपेपर्यंत जेवण नाही. तांदळाची भाकरी टोपलीत गार व्हायची, सुकटीच्या चटणीचा वास घरभर फिरायचा, आणि आम्ही मायलेकी 'जागे व्हा'च्या घड्या घालत बसायचो. रस्त्यापलीकडच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट रात्रंदिवस चालू असायचा. लाइट गेली आणि तो थांबला की आम्ही दचकून जागे व्हायचो, कारण शांततेची आम्हाला सवय नव्हती. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. बाराखडी पुरी व्हायच्या आधी 'जाहीर' आणि 'निषेध' हे दोन शब्द मला येत होते. अन्याय दिसला की बोलायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही, हे मला अप्पांनी शिकवलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांनीच शिकवलेलं आहे.

आमच्या वस्तीची एक व्हॅन होती. रिक्षावाले पेशंट घ्यायला कां-कू करायचे, अँब्युलन्स बोलावली तर ती भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या खड्ड्यांतून येईपर्यंत पेशंट बरा तरी व्हायचा नाहीतर संपायचा. म्हणून वस्तीच्या समितीनं वर्गणी काढून एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली, पांढरी, खालून गंजलेली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. सीट उचलली की खाली इंजिन. त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरचं बूड भाजून निघायचं. "इधर अंडा रख दो बेटी," असं रफिकचाचा सीटवर थापटत म्हणायचे, "कल्याण नाके तक हाफफ्राय तैयार." रफिकचाचा म्हणजे त्या व्हॅनचे ड्रायव्हर. मूळचे आजमगढकडचे, माझ्या जन्माच्या आधीपासून भिवंडीत. पूर्वी लूमवर होते. कापसाच्या धुळीनं खोकला धरला तेव्हा लूम सोडून टेम्पो चालवायला लागले आणि नंतर आमची व्हॅन. पेशंट असला की ते असे चालवायचे, जणू मागे पाण्यानं काठोकाठ भरलेली परात ठेवली आहे.

व्हॅनच्या टपावर भोंगा बसवलेला होता. व्हॅन पेशंटसाठी होती आणि चळवळीसाठीही होती. सभा असली की तिच्यातूनच गावोगाव पुकारा व्हायचा. भोंग्याचा ॲम्प्लिफायर सीटच्या मागे, आणि त्यावर सायरनचं एक लाल बटण. पेशंट नेताना सायरन, पुकाऱ्याच्या वेळी माइक. सुरुवातीला पोरं सभा संपल्यावर ॲम्प्लिफायर बंद करायला विसरायची आणि सकाळी बॅटरी मेलेली असायची. म्हणून अप्पांनी स्वतः वायरिंग बदललं. चावी फिरवली की भोंगा जिवंत, चावी काढली की मेला. ते काम झालं त्या दिवशी अप्पा फार खूश होते. जेवताना म्हणाले, "आता कुणाच्या विसरण्यावर काम अडणार नाही." आईनं त्यांच्या ताटात जास्तीचा बोंबील वाढला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत व्हॅन दगा द्यायला लागली. आणि द्यायची ती नेमकी पेशंट आत असताना. आधी दम्याचे एक आजोबा होते. पुलाच्या चढावर इंजिन अडखळलं, खोकलं आणि बंद पडलं. लोकांनी आजोबांना टेम्पोत घातलं म्हणून निभावलं. मधू मिस्त्रीकडे गाडी नेली. अंबाडी नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. त्यानं तपासली, चालवून आणली, म्हणाला, "काय झालंच न्हाय हिला. घोड्यासारखी पळते." दोन-तीन आठवडे बरे गेले. मग शेजारच्या ताराकाकूचं पोट दुखायला लागलं. पहिलटकरीण, दिवस भरलेले. भर दुपारी रफिकचाचांनी तिला व्हॅनमध्ये घातलं, माझी आई सोबत बसली, आणि त्याच पुलाच्या चढावर व्हॅन परत बंद. किती चावी मारली तरी घर्रर्र करायची आणि धरायची नाही. ताराकाकू तिथेच बाळंत झाली, रस्त्याच्या कडेला, आईनं साडीचा आडोसा धरला त्याच्यामागे. बाळ काळंनिळं पडलं होतं. ते काचेच्या पेटीत राहिलं आणि जगलं, पण ताराकाकूच्या अंगावरून इतकं गेलं की ती कितीतरी दिवस भिंतीला धरून चालायची.

मधू मिस्त्रीनं व्हॅन परत तपासली. परत घोड्यासारखी. समितीतला एक जण चालवून आला, त्याच्या हातात एकदाही अडखळली नाही. आणि मग वस्तीत ते वाक्य फिरायला लागलं: दुसऱ्याच्या हातात चालते, रफिकच्याच हातात कशी बंद पडते?

त्या वेळी आमच्या समितीचं वडप्याकडच्या एका गोडाऊनवाल्या शेठशी भांडण चालू होतं. त्यानं भराव टाकून आमचा नाला बुजवला होता, आणि अप्पांच्या पत्रकांनी त्याला घाम फोडला होता. ते भांडण खरं होतं, आजही मी त्यात अप्पांच्या बाजूनं उभी राहीन. पण शत्रू खरा असला की माणसाला त्याचे हस्तकही सगळीकडे दिसायला लागतात. अप्पांनी पत्रक काढलं. घड्या मीच घातल्या. त्यात लिहिलं होतं की शत्रू आता आपल्या गाडीपर्यंत पोचला आहे. ज्याच्या हातात आपण आपल्या लेकीबाळींचा जीव दिला त्या हातालाच कुणी विकत घेतलं आहे काय, याचा समाजानं विचार करावा. नाव नव्हतं. आमच्या पत्रकांत नाव कधीच नसायचं. 'काही मंडळी', 'एक महाशय', 'ज्यांना समजायचं ते समजतील'. नाव घातलं तर कोर्टात खेचतात, हे अप्पांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं कळलेलं होतं, आणि शेठ लोकांशी लढताना ती रीत बरोबरही असेल. पण व्हॅनचं स्टिअरिंग एकाच माणसाच्या हातात होतं. वस्तीत शेंबड्या पोरालाही कळलं. रफिकचाचांनी त्याच दिवशी आमच्या पडवीत येऊन चावी आईच्या हातात दिली. अप्पा घरात नव्हते. आई म्हणाली, "बसा तरी. चा टाकते."

"नहीं भाभी," ते म्हणाले. "मराठी मुझे बोलनी नहीं आती, लेकिन पढ़ लेता हूँ."

एवढंच बोलले आणि गेले.

मी तेव्हा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करत होते. वर्गात एकटी मुलगी. अप्पांनीच घातलं होतं, छाती पुढे काढून सगळ्यांना सांगायचे, "माझी यशू इंजिन खोलते." म्हणून मी म्हटलं, मग खोलतेच. रविवारी सकाळी व्हॅन पडवीसमोर होती. सीट उचलली. आई चावी फिरवायला आत बसली. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण तो आडोसा तिनं धरला होता, तिला आत काय आहे ते बघायचंच होतं.

"मी काय करू?"

"मी सांगेन तेव्हा चावी फिरव. सांगेन तेव्हा सोड."

"बरं. बापासारखी वरडू नको फक्त."

पेट्रोल येत होतं. मग एक स्पार्क प्लग काढला, त्याला वायर परत लावली, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवला आणि आईला म्हटलं, फिरव. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडायला लागली. निळी, जाड, टक टक आवाज करणारी. ठिणगी अशीच हवी. पेट्रोल आणि हवा दाबून बसलेली असतात, त्यांना पेटवायला ठिणगीत जोर लागतो. जोर कमी असेल तर ती पिवळी, नारिंगी, केसासारखी बारीक पडते, आणि इंजिन रिकामं असताना कसंबसं चालतं पण ओझं पडलं, चढ आला, की मरतं. पुलाच्या चढावर, गाडी भरलेली असताना बंद पडणं याचा अर्थ मला पिवळी ठिणगी असाच लागत होता. आणि समोर तर निळी. एकेक करून बाकीचे प्लग काढले, सगळीकडे निळी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, आतले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कंडेन्सर नवा टाकला, ठिणगीला जोर देणारी कॉइल हात लावून बघितली, फार गरम नव्हती. वायरींना चीर कुठे आहे का ते बघितलं. दुपार झाली. आईनं मध्येच उठून भात टाकला, परत येऊन बसली. काहीच सापडेना. मला मधू मिस्त्रीचा राग आला होता, आता मलाही तेच म्हणावं लागत होतं, घोड्यासारखी.

अप्पा पडवीत पेपर वाचत होते. म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही बाय. माणूस बोलतो."

या वाक्याचा मला आजही संताप येतो. मशीन खोटं बोलत नाही हे बरोबर आहे, पण त्याला प्रश्न कोणता विचारलास ते तरी बघ. आम्ही सगळे जण व्हॅनला एकच प्रश्न विचारत होतो: उभी असताना तू बरी आहेस का? आणि ती प्रामाणिकपणे सांगत होती, बरी आहे. बंद पडली तेव्हा काय चाललं होतं हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मिस्त्रीनं नाही, समितीनं नाही, अप्पांनी नाही. पत्रक काढण्याआधी त्याच्या दारात जाऊन एक प्रश्न विचारायला कुणाचे पाय मोडले होते?

मी हात पुसले आणि गेले. रफिकचाचा लूमच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचे. खाली लूम चालू असली की त्या खोलीची फरशी पायांखाली थरथरायची; चहाचा कप खाली ठेवला तर तो हळूहळू सरकायचा. चाचींनी दार उघडलं. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि आत वळून म्हणाल्या, "पर्चेवालों की लड़की आई है."

चाचा बाहेर आले. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच विचारलं, "चाचा, गाड़ी बंद हुई तब क्या क्या चालू था? सब बताओ. पंखा, लाइट, जो भी."

"तेरे बाप ने भेजा?"

"नहीं. उनको मालूम नहीं."

"फिर काहे को आई? लिख तो दिया उन्होंने."

"मैं गाड़ी खोल के बैठी हूँ. मुझे कुछ नहीं मिल रहा."

ते माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिले. चाची आतून म्हणाल्या, "बता दो ना. बच्ची क्या पर्चा छापती है?" घड्या तर मीच घातल्या होत्या, पण ते तिथे बोलायची माझी छाती झाली नाही.

"क्या चालू रहेगा," चाचा म्हणाले. "दिन था, लाइट काहे को लगाएगा. पेशंट था तो सायरन लगाया. लोग हटते नहीं ना बिना सायरन के."

"दोनों बार सायरन?"

"पेशंट रहेगा तो सायरन रहेगा. तुम्हारे बाप का ही हुकुम है."

मी जिना उतरले ती धावतच. चहा झाला होता, चाची हाक मारत होत्या, मी थांबले नाही.

आईला परत गाडीत बसवलं. प्लग लोखंडाला टेकवला. "फिरव." निळी. "आता ते लाल बटण दाब." सायरन बोंबलला, शेजारची कोंबडी उडाली, आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी मेली. मेली म्हणजे अगदी गेली नाही. पिवळी, केसासारखी, एकदा पडायची आणि दोनदा चुकायची. बटण बंद, निळी. बटण चालू, पिवळी. आई डोकं बाहेर काढून म्हणाली, "आवाजानं इजते का काय गं ती?" मी अप्पांच्या पेटीतला मीटर आणला. कॉइलला बारा व्होल्ट यायला हवे होते. सायरन चालू केला की काटा आठाच्या आसपास खाली पडायचा. कुणीतरी कॉइलच्या तोंडचा घास पळवत होतं. मग मी वायर हातानं चाचपत गेले. ॲम्प्लिफायरपासून निघालेली लाल वायर सीटच्या कडेनं येऊन कॉइलकडे जाणाऱ्या बारीक वायरला जोडलेली होती. जोडावर काळी टेप, आणि टेपवर मेण लावलेला दोरा, घट्ट, एकाला एक लागून गुंडाळलेला. असा जोड अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच माणूस बांधतो. टेप उन्हात सुटते, दोरा सुटत नाही, असं तो म्हणतो.

आईनं वाकून बघितलं. गाडीतून उतरली आणि आत जाऊन भाताखालचा गॅस बंद केला.

घराच्या वायरिंगमध्ये फेज कुठूनही घ्या, बल्ब पेटतो. त्या सवयीनं अप्पांनी सीट उचलली, चावीवर जिवंत होणारी सगळ्यात जवळची वायर शोधली आणि तिच्यावर भोंग्याचं ओझं टाकलं. बारा व्होल्टच्या गाडीत त्या बारीक वायरीला दोन्ही पेलत नाहीत. सभेच्या वेळी व्हॅन उभीच असायची आणि पुकाऱ्याला रिकामी, सावकाश चालायची, म्हणून कळलं नाही. मिस्त्रीनं आणि समितीवाल्यानं सायरन न लावता चालवली, म्हणून घोडा. ही चूक कोणाकडूनही होऊ शकते. मला त्या चुकीचा राग नाही. तेव्हाही नव्हता.

तोवर सायरन ऐकून लोक जमले होते. ताराकाकू बाळ खांद्यावर घेऊन आली होती. मी अप्पांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर परत करून दाखवलं. निळी, पिवळी, निळी, पिवळी. वायर दाखवली. अप्पा जोडाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा ओळखीचा होता. शॉर्टसर्किट सापडलं की असाच व्हायचा. त्यांना पहिल्या क्षणाला कळलं, हे मला शपथेवर सांगता येईल.

ताराकाकू म्हणाली, "म्हणजे रफिकभाऊचं कायच न्हवतं?"

मी म्हटलं, "नाही काकू. काहीच नव्हतं."

"मंग मी त्यांच्या घरावरनं जाताना थुकले ते?"

अप्पा म्हणाले, "यशू, आत चल. घरात बोलू."

घरात ते पलंगावर बसले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. म्हणाले, "वायर मी आजच बदलतो. बॅटरीवरून वेगळी ओढतो, मध्ये फ्यूज टाकतो."

"आणि चाचा?"

"त्यांना निरोप देऊ. या म्हणावं परत."

"पत्रकाचं काय?"

"पत्रकात कुणाचं नाव नव्हतं."

"अप्पा."

"नव्हतं. काढून बघ." त्यांचा आवाज चढला. "आत्ता आपणच उठून सांगायचं की गाडी आपल्याच वायरीनं बंद पडली? तो शेठ पेढे वाटेल. नाल्याची केस उभी आहे. उद्या म्हणतील, यांना स्वतःची गाडी कळत नाही, हे नाल्याचं काय सांगतात. चळवळ म्हणजे काय गंमत वाटली का तुला? तिथे प्रत्येक गोष्ट बाहेर बोलायची नसते."

आई दारात उभी होती. ती कधी अप्पांसमोर बोलायची नाही असं लोकांना वाटतं. ती बोलायची, फक्त लोक ऐकत नसायचे. म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यावर तारेची नाळ कापायला पातं न्हवतं. रफिकभाऊ धावत जाऊन न्हाव्याच्या दुकानातनं नवं पातं घेऊन आला. पाठ करून उभा होता तो, आन रडत होता. ते तुमच्या पत्रकात आलं न्हाय."

अप्पा उठून वायर बदलायला बाहेर गेले. फार सुंदर काम केलं त्यांनी. फ्यूज, जाड वायर, दोन्हीकडे दोरा.

आठवड्याभरात पत्रक आलं. नाल्याच्या केसची माहिती, सभेचं ठिकाण, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'समितीच्या वाहनातील तांत्रिक दोष दूर करण्यात आला असून वाहन पूर्ववत सेवेत रुजू झाले आहे.' दोष दूर करण्यात आला. तो आणला कुणी, ढकलण्यात आला कुणावर, त्याचा पत्ता नाही. आई घड्या घालायला बसली. मी बसले नाही. नाव न घेता एखाद्याची अब्रू घेता येते हे मी बघितलं होतं. नाव न घेता ती परत देता येत नाही, हे त्या ओळीनं मला शिकवलं. आजही सरकारी खुलाशात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, पक्षांच्या निवेदनांत 'करण्यात आला' दिसलं की माझं डोकं फिरतं. त्यामागे कुठेतरी एक माणूस जिना उतरून, मान खाली घालून कामावर जात असतो.

मी स्वतः पत्रक लिहिलं. एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी. अलंकार नाहीत, 'समाजानं विचार करावा' नाही. व्हॅन का बंद पडत होती ते पाच-सहा वाक्यांत लिहिलं. पुढे लिहिलं: 'ही वायर दौलत जाधव यांनी जोडली होती. रफिक अन्सारी यांचा काहीही दोष नव्हता. त्यांच्यावर संशय घेणारं पत्रक खोटं होतं. त्याच्या घड्या मी घातल्या होत्या.' आणि खाली, जिथे नेहमी 'आपली नम्र, समिती' असायचं, तिथे माझं नाव. छापखानेवाला ओळखीचा होता. वाचून म्हणाला, "अगं, हे तुझे वडील ना?" मी म्हटलं, छापा. वस्तीत वाटलं, लूमच्या गल्लीत वाटलं, अंबाडी नाक्यावर उभी राहून वाटलं. मधू मिस्त्रीनं दोन घेतली, एक गॅरेजच्या दाराला चिकटवलं.

संध्याकाळी अप्पांच्या हातात ते होतं. त्यांनी उभ्यानं वाचलं. आयुष्यभरात एवढी पत्रकं त्यांनी लिहिली, पण स्वतःचं नाव त्यांनी पहिल्यांदाच पत्रकात वाचलं असावं. म्हणाले, "माझं नाव घातलंस."

"हो."

"शेठनं वाचलं असेल."

"वाचू दे."

त्यांनी मला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही; लोक आजही विचारतात म्हणून लिहिते. शेठनं पेढेही वाटले नाहीत. नाल्याची केस होती तशीच चालली. जेवायला बसलो. आईनं बोंबलाचं कालवण केलं होतं. अप्पांनी भाकरी मोडली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी रफिकचाचांकडे गेले. या वेळी चाचींनी बसायला सांगितलं. फरशी थरथरत होती. चाचांनी हिंदी बाजू वाचली, मग कागद उलटून मराठीही वाचली, सावकाश, ओठ हलवत. स्वतःच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"ये तेरे बाप ने लिखा?"

"नहीं चाचा. मैंने."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तेरा हो गया बेटी. उनका बाकी है."

व्हॅनवर ते परत आले नाहीत. ताराकाकू बाळाला घेऊन त्यांच्या दारात गेली, पाया पडली, तिच्यासाठी ते खाली उतरून आले. समितीच्या निरोपासाठी नाही. आता ते वडप्याला, त्या शेठच्या नव्हे, दुसऱ्याच एका गोडाऊनमध्ये वॉचमन आहेत. रस्त्यात अप्पा समोर आले तर दोघं एकमेकांना सलाम करतात, तब्येत विचारतात, आणि पुढे जातात. लोक मला म्हणतात, बघ, मिटलं की. काही मिटलेलं नाही. अप्पांचं वय झालं, आता जाऊ दे, असंही म्हणतात. चाचांचंही वय झालं आहे.

हे प्रकरण छापून आलं की पहिली प्रत मी अप्पांना देणार आहे. ते चष्मा पुसून वाचतील, कुठे काना-मात्रा चुकली असेल तर पेन्सिलीनं खूण करतील. त्यांना चालता येतं. लूमची गल्ली आमच्या घरापासून लांब नाही.